पहिला कॅमेरा : फोनच्या गॅलरीपासून बोरा बाजारापर्यंत

“मावशी, किती मेगापिक्सेलचा घेऊ?” भाचीचा पहिला प्रश्न हाच होता. बजेट साठ हजार, त्यात सगळं बसवायचं. गणपतीच्या आधी कॅमेरा हातात हवा. हाताशी तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत निवडीचं काम ज्या क्रमाने झालं तो इथे मांडते आहे, कारण बहुतेकजण हे काम उलट्या टोकाने सुरू करतात. आधी मॉडेल ठरवतात आणि घरी आणल्यावर आपल्याला काय काढायचं होतं ते आठवतात.

मेगापिक्सेलचा विषय पहिल्याच संध्याकाळी संपवला. २४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. १२ बाय १८ इंचांची उत्तम प्रिंट काढायची, दर इंचाला ३०० ठिपके धरून, तर ३६०० गुणिले ५४०० ठिपके लागतात. म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल झाले. घरातल्या फोरके टीव्हीवर तर सगळे मिळून ८३ लाखच ठिपके असतात. गेल्या दहा वर्षांतला लेन्स बदलता येणारा बहुतेक कोणताही कॅमेरा एवढं सहज देतो. त्यामुळे या आकड्यावरून निवड करायची नाही, एवढं ठरलं.

त्याऐवजी तिला फोन उघडायला लावला. गेल्या वर्षभरातले फक्त फसलेले फोटो वेगळ्या अल्बममध्ये टाक, म्हटलं. चांगले आलेले नकोत, कारण ते काम फोन करतोच आहे आणि त्यासाठी साठ हजार घालायची गरज नाही. दीडशेच्या आसपास फोटो निघाले. त्यांचे तीन ढीग केले : अंधारातले, लांबचे आणि हललेले. आरतीचे, मंडपातले, गच्चीवरच्या वाढदिवसाचे फोटो पहिल्या ढिगात. शाळेच्या स्टेजवरचं गॅदरिंग आणि शिवडीच्या चिखलातले फ्लेमिंगो दुसऱ्यात. तिसऱ्यात ढोल वाजवणारे हात, लेझीम आणि पळणारी लहान मुलं.

हललेल्या ढिगाकडे जरा नीट बघावं लागतं, कारण त्यात दोन वेगळे दोष एकत्र असतात. मागची भिंत, घड्याळ, माणसं असं सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हललेला असतो. भिंत स्वच्छ आणि मूल तेवढं पुसट, असं असेल तर शटर हळू होतं. लेन्समधलं किंवा कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण पहिला दोष काढतं. दुसऱ्यावर त्याचा काडीचाही उपयोग नाही. दुकानात “यात स्टॅबिलायझेशन आहे, फोटो हलणारच नाही” असं सांगतात तेव्हा हा फरक कुणी सांगत नाही. भाचीच्या ढिगात भिंत स्वच्छ असलेलेच फोटो जास्त होते. म्हणजे तिला शटर वेगाने उघडझाप करायला हवं होतं आणि त्यासाठी जास्त उजेड आत घेणारी लेन्स हवी होती.

यानंतर टेप घेऊन खोली मोजली. डोंबिवलीच्या घरात हॉल दहा बाय बारा. गणपती एका भिंतीशी, फोटो काढणारा समोरच्या भिंतीला पाठ लावून. म्हणजे अंतर फार तर दहा फूट. लेन्स किती मिलिमीटरची हवी ते अशा अंतरावरूनच ठरतं. गणित सोपं आहे : सेन्सरची रुंदी गुणिले अंतर, भागिले लेन्सचे मिलिमीटर. सेन्सर म्हणजे उजेड टिपणारा आतला तुकडा. परवडणाऱ्या कॅमेऱ्यांत बहुधा असतो तो एपीएस-सी आकाराचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा असतो (कॅननचा किंचित लहान, २२.३ मिलिमीटर रुंद). दहा फुटांवरून १८ मिलिमीटरच्या लेन्समध्ये तेरा फूट रुंदीचं दृश्य मावतं, ३५ मध्ये पावणेसात फूट, ५० मध्ये जेमतेम पावणेपाच. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात तेवढ्याच अंतरावरून सुमारे पंधरा फूट येतात.

या चार आकड्यांत बरंच काही दडलंय. “नवशिक्याने पन्नास एमएम घ्यावी” हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मूळचा फिल्मच्या काळातला, ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फ्रेमसाठीचा. त्या फ्रेमवर ५० मिलिमीटर दहा फुटांवरून सव्वासात फूट दाखवते. एपीएस-सीवर तेच काम ३५ मिलिमीटर करते. मुंबईतल्या खोलीत एपीएस-सी कॅमेऱ्याला ५० लावली की मूर्ती येते, पण आरती करणारे आजोबा फ्रेमबाहेर राहतात आणि मागे सरकायला जागा नसते. ५० मिलिमीटर एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटसाठी सुंदर आहे, पण घरातली पहिली लेन्स म्हणून नाही.

आता लांबचा ढीग. शिवडीच्या जेट्टीवरून शंभर मीटरवर मीटरभर उंचीचा पक्षी उभा आहे असं धरू. ५५ मिलिमीटरच्या लेन्सने त्याची प्रतिमा सेन्सरवर अर्ध्या मिलिमीटरची पडते, साडेपंधरा मिलिमीटर उंचीच्या सेन्सरवर. २४ मेगापिक्सेलमध्ये ते होतात १४० ठिपके. ३०० मिलिमीटरने तीच प्रतिमा तीन मिलिमीटरची होते, म्हणजे सुमारे ७७० ठिपके. आता पीस, चोच, डोळा दिसतो. त्याहून मोठा हवा असेल तर लेन्सपेक्षा भरतीचं वेळापत्रक जास्त मदत करतं. ओहोटीला पक्षी चिखलात पार दूर पांगलेले असतात, पाणी चढायला लागलं की ते काठाकडे सरकतात. भरतीच्या आधीचे दोन-तीन तास गाठले तर शंभर मीटरचे पन्नास होतात आणि प्रतिमा आपोआप दुप्पट होते, एक रुपया न घालता.

अंधाराचा ढीग समजायला सगळ्यात कठीण आणि निराशा इथेच पदरी पडते. नवा कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स, रात्रीचा मंडप, आणि फोटो फोनपेक्षा वाईट! असं का होतं ते आकड्यांत बघा. चांगल्या फोनचा सेन्सर साधारण ८ बाय ६ मिलिमीटर, एपीएस-सीचं क्षेत्रफळ त्याच्या सातपट. इथपर्यंत कॅमेऱ्याची बाजू भक्कम. पण फोनची लेन्स एफ/१.८ आणि किट लेन्स १८ मिलिमीटरला एफ/३.५, ५५ला एफ/५.६. एफचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं आणि उजेड त्या आकड्याच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. एफ/३.५ला एफ/१.८च्या मानाने उजेड जवळजवळ चौथाई, एफ/५.६ला दहावा हिस्सा. सेन्सरने मिळवलेलं लेन्सने घालवलं. वर फोन एका क्लिकमागे अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो. साधा कॅमेरा एकच घेतो. म्हणून तिथे किट लेन्स हरते.

त्याच कॅमेऱ्याला ३५ मिलिमीटर एफ/१.८ लावली की चित्र पालटतं. किट लेन्स ३५ मिलिमीटरवर साधारण एफ/४.५ देते. त्याच्या सहापट उजेड या छोट्याशा लेन्समधून येतो. जिथे १/३० सेकंद लागत होता तिथे १/२०० मिळतो आणि ढोलावर पडणारी टिपरी बरीच कमी पुसट येते. भाचीच्या तिन्ही ढिगांपैकी दोन या एका लेन्सने सुटत होते. तेव्हा आमची यादी अशी झाली : ३५ मिलिमीटर एफ/१.८ हवीच, ३०० मिलिमीटरपर्यंत जाणारी झूम हवी, आणि किट लेन्स आली तर सगळ्या घरादाराच्या एकत्र फोटोसाठी. या तिन्ही ज्यावर बसतील आणि साठ हजारांत मावतील, तो कॅमेरा.

इथे माउंटचा प्रश्न येतो. कॅमेऱ्याच्या तोंडावरची ती धातूची कडी एकदा निवडली की पुढच्या सगळ्या लेन्स त्याच घराण्यातल्या घ्याव्या लागतात. आरसा असलेले डीएसएलआर आणि आरसा नसलेले मिररलेस यांची घराणी वेगळी. कॅननचं जुनं ईएफ १९८७चं, नवं आरएफ २०१८चं. निकॉनचं एफ १९५९पासूनचं, झेड २०१८चं. सोनीचं ई माउंट २०१०चं. जुन्या डीएसएलआर लेन्स अडॅप्टर लावून त्याच कंपनीच्या मिररलेसवर चालतात, उलटं मात्र होत नाही.

मिररलेस पुढच्या काळाचे आहेत हे खरंच. डोळा ओळखून फोकस धरणं, व्हिडिओ, वजन या सगळ्यात ते पुढे आहेत आणि कंपन्यांच्या नव्या लेन्सही तिकडेच येतात. व्हिडिओ हे मुख्य काम असेल तर मी डीएसएलआरकडे बघूही नका म्हणेन. पण नव्या मिररलेसची बॉडी आणि किट लेन्स घेतली की साठ हजार बहुतेक तिथेच संपतात आणि तिन्ही ढीग जागच्या जागी राहतात. लोक मिररलेसकडे वळल्यामुळे जुन्या बाजारात डीएसएलआरच्या उत्तम लेन्स मात्र भरपूर आल्या आहेत. भाचीला फोटोच काढायचे होते. म्हणून सेकंडहँड डीएसएलआर, आणि वाचलेले पैसे लेन्समध्ये, असं ठरलं.

मॉडेलच्या बारीक अक्षरांत काही खड्डे असतात, ते आधी माहीत असलेले बरे. निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकसची मोटर नसते. त्यामुळे ‘डी’ अक्षराच्या जुन्या स्वस्त लेन्स त्यावर बसतात, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली लेन्सच घ्यायची. एएफ-पीच्या डीएक्स, म्हणजे एपीएस-सीसाठीच्या, ७०-३००मध्येही पुन्हा दोन जाती : एक व्हीआर (निकॉनचं स्थिरीकरण) असलेली, एक नसलेली. दिसायला जुळी भावंडं, आणि या मालिकेत व्हीआरचं बटण लेन्सवर नसतंच, ते मेनूत असतं. नावाच्या पट्टीवर ‘व्हीआर’ ही दोन अक्षरं डोळ्यांनी वाचल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. ३०० मिलिमीटर हातात धरताना ती लागतातच. कॅनन १५००डी आणि २००डी मार्क टूच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत मधला गोल संपर्कबिंदू नाही, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांचे साधे फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. पुढेमागे फ्लॅश वापरायचा असेल तर हे आधीच बघा. निकॉन झेड ३० आणि सोनी झेडव्ही-ई१० यांना डोळा लावायची खिडकी नाही, आणि दुपारच्या उन्हात मागच्या पडद्यावर काहीच दिसत नाही. किनाऱ्यावर किंवा शिवडीला फोटो काढणाऱ्याला ते जड जातं.

विकत घ्यायच्या आधी एक शनिवार-रविवार कॅमेरा भाड्याने आणला, डी५६०० आणि ३५ मिलिमीटर. ओळखपत्राची प्रत आणि अनामत देऊन मुंबईत असा कॅमेरा मिळतो. हा खर्च वाया जात नाही. पकड हाताला बसते का, करंगळी खाली लोंबकळते का, चष्मा लावून खिडकीतून चारही कोपरे दिसतात का, गच्च भरलेल्या लोकलमधून पिशवी पोटाशी धरून नेता येते का, हे वाचून कळत नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी लालबाग-परळला आगमनाची मिरवणूक होती. तिथे एक गोष्ट अशी घडली की जी कॅमेऱ्याचा दोष वाटते, पण नसते. भाचीने शटर १/५०० केलं आणि फोटोंवर आडवे काळपट पट्टे आले. कॅमेरा बिघडलाय या भीतीने तिचा चेहरा उतरला. कारण वेगळं होतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यावर चालणारे बरेच एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंद होतात. शटरचा पडदा वेगात सरकताना फ्रेमचा एक भाग उजळ क्षणी टिपला जातो, दुसरा मंद क्षणी. शटर १/१०० किंवा १/५० केलं की एक किंवा दोन पूर्ण चक्रं मावतात आणि पट्टे जातात. व्हिडिओसाठीही हेच : आपल्याकडे २५ फ्रेम आणि १/५०. वेगवान १/५०० मग वापरायचंच नाही का? वापरायचं, पण दिवसा. रात्री मंडपात १/१०० धरायचं आणि ढोलाची टिपरी वर जाऊन क्षणभर थांबते तो क्षण पकडायचा.

त्यानंतरच्या शनिवारी बोरा बाजार, फोर्टमधला कॅमेऱ्यांचा बाजार. सीएसएमटीला उतरून चालत पाच-सात मिनिटं. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, आणि संध्याकाळी जाऊ नये, कारण तपासायला दिवसाचा उजेड लागतो. सोबत काय न्यायचं : स्वतःचं रिकामं कार्ड, टॉर्च, लेन्स पुसायचं फडकं, वर्तमानपत्राचं एक पान, आणि चार्ज केलेला लॅपटॉप.

काउंटरवर डी५६००ची बॉडी आली. “ताई, एक नंबर पीस आहे, डोळे झाकून घ्या.” डोळे उघडे ठेवून घेतली. आधी तळाचा आणि माउंटचा प्रत्येक स्क्रू. फुलीच्या कडा झिजलेल्या असतील तर ते कुणीतरी उघडलेलं आहे. अंगठ्याखालचं रबर फुगून सुटलेलं नाही ना. फिरणारा पडदा पूर्ण गोल फिरवून, प्रत्येक कोनात चित्र थरथरतं का ते पाहिलं. बिजागरातून जाणारी पट्टीसारखी वायर तुटायला आली की तिथेच कळतं. कार्डाच्या खाचेत टॉर्च मारून आतल्या पट्ट्या. मग आमचं कार्ड घालून ओळीने तीस-चाळीस फोटो. आवाज एकसारखा यायला हवा, मध्ये अडखळता कामा नये.

शटर किती वेळा चाललं हे निकॉनच्या जेपीईजी फाइलमध्येच लिहिलेलं असतं. कार्ड लॅपटॉपला लावून, एक्झिफ (फोटोच्या फाइलमधली लपलेली माहिती) आणि त्यातली निकॉनची ही नोंद वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ती उघडायची. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत ही माहिती उरत नाही, म्हणून दुकानदाराने पाठवलेला नमुना चालत नाही. डी५६००चं शटर १ लाख वेळांसाठी तपासलेलं असतं. समोरच्या बॉडीवर १८ हजार निघाले. चाळीस हजारांपर्यंत मी चिंता करत नाही. सत्तर-ऐंशीच्या पुढे असेल तर भाव निम्म्यावर यायला हवा. कॅननच्या बहुतेक बॉडी हा आकडा फाइलमध्ये लिहीत नाहीत, तिथे बॉडीची झीज पाहून अंदाज करावा लागतो.

सेन्सरसाठी दोन फोटो. एक एफ/१६ला, पांढऱ्या भिंतीचा, फोकस मुद्दाम बिघडवून. धूळ असेल तर काळसर ठिपके उमटतात. ते साफ होतात, घाबरायचं कारण नाही. पण केसासारखी चमकती रेघ दिसली तर तो ओरखडा, कॅमेरा परत. दुसरा फोटो लेन्सला झाकण लावून, एक सेकंद, आयएसओ (उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ८००. काळ्या पडद्यावर लाल-निळे चमकणारे कण म्हणजे उगाच पेटलेले ठिपके, हॉट पिक्सेल. दोन-चार असतील तर चालतं.

आता लेन्स, आणि इथे घाई अजिबात नको. निकॉनची ही ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यापासून सुटी केली की भोक लहानमोठं करणाऱ्या तिच्या पात्या मिटतात आणि मधे टाचणीच्या डोक्याएवढं भोक राहतं. तसंच उजेडासमोर धरून “बघा, स्वच्छ आहे” म्हणतात. आत पाहायचं असेल तर मागच्या कडीशी असलेली छोटी धातूची पट्टी नखाने सरकवून धरायची, म्हणजे पात्या पूर्ण उघडतात. सोडली की पट्टी चटकन जागेवर परत यायला हवी. सुस्तपणे आली तर पात्यांवर तेल उतरलेलं आहे. पट्टी धरून ठेवून मागून टॉर्च लावायचा, पण सरळ नाही, तिरका, आणि डोळा दुसऱ्या बाजूने तिरका. पहिल्या ३५ मिलिमीटरमध्ये काचेच्या कडेला, घड्याळात चार वाजता काटा असतो त्या जागी, कोळ्याच्या जाळ्यासारखे दोन-तीन पांढुरके तंतू दिसले. सरळ पाहताना त्यांचा मागमूस नव्हता. ही बुरशी. काचेवरचा लेप ती खाते, आणि साफ केली तरी लेपावरचे डाग राहू शकतात. फोटोत आज काही दिसणार नाही, पण समोरून दिवा आला की सगळं धुरकट होतं. ती बाजूला ठेवली. दुसरी स्वच्छ होती. चार-सहा धुळीचे कण होते, ते प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात आणि त्यांनी काही बिघडत नाही. फोकसची कडी फिरवताना किरकिर आली तर आत वाळू आहे. चौपाटीवर वापरलेल्या लेन्समध्ये हे हमखास सापडतं.

शेवटची परीक्षा वर्तमानपत्राची. पान टेबलावर, कॅमेरा ४५ अंशांत, एफ/१.८, फोकसचा मधला एकच चौकोन, एका ठरावीक ओळीवर पाच फोटो. पडद्यावर मोठं करून बघायचं की तीच ओळ सगळ्यात ठळक आहे, की तिच्या पुढची-मागची. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा भाग सेन्सरपासून वेगळा असतो, म्हणून बॉडी आणि लेन्सचं कधीकधी जुळत नाही. डी५६००मध्ये हा फरक मेनूतून सुधारायची सोय नाही. म्हणून ज्या बॉडीवर वापरायची त्याच बॉडीवर लेन्स तपासायची. पाचपैकी पाच ओळीवर बसले.

हिशेब असा झाला : बॉडी आणि १८-५५ व्हीआर मिळून २९ हजार, ३५ मिलिमीटर साडेआठ, ७०-३०० व्हीआर तेरा. उरलेल्यातून ६४ जीबीचं एक कार्ड, वर ‘व्ही३०’ हा वेगाचा दर्जा लिहिलेलं, एक जादा बॅटरी, एक पिशवी, आणि पुढे सांगते तो डबा. पाच-सहा हजार शिल्लक राहिले. कार्ड फुटपाथवरून घेऊ नये. ६४ लिहिलेल्या कार्डात प्रत्यक्षात ८ जीबी असलेली कार्डं विकली जातात आणि ती भरेपर्यंत कळत नाही. घरी आल्यावर एकदा काठोकाठ भरून परत वाचून पाहावं. बिलावर बॉडीचा आणि प्रत्येक लेन्सचा सीरियल नंबर लिहून घेतला.  आधीच्या मालकाच्या बिलाची प्रतही मागितली. चोरीचा माल आपल्या हातात येऊ नये म्हणून, आणि उद्या आपला चोरीला गेला तर पोलिसांत द्यायला.

मुंबईत कॅमेरा घेण्याएवढंच तो टिकवणं महत्त्वाचं आहे, म्हणून डब्यावर जरा थांबते. बुरशीला अंधार आणि ओल लागते. हवेतली आर्द्रता ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिली की ती धरते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती ८०च्या वर असते. लोखंडी कपाटात, साड्यांच्या थप्पीमागे, पिशवीत गुंडाळून ठेवलेला कॅमेरा हे तिचं आवडतं घर. लोक जपून म्हणून ठेवतात आणि दिवाळीला काढतात तेव्हा काचेवर जाळी असते. उपाय स्वस्त आहे. रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात पाव किलो सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं एक लहानसं मीटर. काटा ४० ते ५०च्या दरम्यान ठेवायचा, फार खालीही नको. केशरी दाणे हिरवे झाले की कढईत मंद आचेवर, पुन्हा केशरी होईपर्यंत परतायचे, गार करून परत डब्यात. निळे दाणे घेऊ नका. त्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्याजवळही नको. तांदूळ ठेवू नयेत, त्यांची पूड लेन्सच्या फटीत जाते.

एसी लोकलमधून उतरल्याबरोबर कॅमेरा काढू नये. गार काचेवर फलाटावरची दमट हवा लागली की आतबाहेर धुकं धरतं. पुसलं तरी पुन्हा येतं आणि आतलं तर पुसताही येत नाही. चेन बंद ठेवून वीस मिनिटं थांबायचं.

गणपतीच्या आदल्या रात्री मेनूत फार काही बदललं नाही. एफचा आकडा आपण ठरवायचा आणि बाकी कॅमेऱ्याने, तो ‘ए’ मोड. आयएसओ आपोआप, वरची मर्यादा ६४००, शटर १/१००च्या खाली जाणार नाही अशी अट. फोकसचा एकच चौकोन, तो बोटाने हलवायचा. रॉ आणि जेपीईजी दोन्ही, कारण पिवळ्या बल्बखाली आलेला रंग रॉमधून नंतर सुधारता येतो. ३५ मिलिमीटरला एफ/१.८ऐवजी एफ/२.२ ठेवायला सांगितलं. दहा फुटांवरून एफ/१.८ला आजोबांचा डोळा धारदार आणि शेजारी एक पाऊल मागे उभी आजी पुसट, असं होतं.

“मावशी, फ्लॅश?” बंद. निरांजनाचा उजेड चेहऱ्यावर पडलेला असतो, फ्लॅश तो धुऊन टाकतो.

आरतीला आयएसओ २०००च्या आसपास राहिला, शटर १/१००. सव्वादोनशे फोटो निघाले, आणि जुन्या तीन ढिगांच्या सवयीने तिने रात्रीच त्यांतले फसलेले वेगळे काढले. बहुतेकांत फोकस मूर्तीऐवजी पुढच्या समईवर बसला होता. चौकोन हलवायचा राहून जात होता. ते हात बसेपर्यंत होणारच. कॅमेरा पुसून डब्यात गेला तेव्हा मीटर ५८ दाखवत होतं, सकाळी ४६ होतं.